एक गाणं, एक सोंग

पुणतांबा
१२ नोव्हेंबर २०२४

चि. रेश्मा,

आशीर्वाद भाऊबीजेला तोंडी दिले आहेत. ते अजून शिळे झाले नसतील, म्हणून थेट कामाचं लिहिते.

कोल्हारला तुमच्याकडे मी चार दिवस होते. त्या चार दिवसांत तुझ्या कानातली ती पांढरी बोंडं दोनच वेळा बाहेर निघायची, जेवताना आणि अंघोळीला. एकदा तू ओट्यावर एकटीच पोट धरून हसत होतीस. एकदा डोळे मिटून मान अशी हलवत होतीस की भागवतला, म्हणजे तुझ्या बापाला, वाटलं पोरीच्या अंगात आलं. मी विचारलं, काय ऐकतेस गं? तू सांगितलंसही. पण मला तुझे ओठ वाचता येत नाहीत. तू भरभर बोलतेस आणि बोलता बोलता हसतेस. मी आपलं 'हं हं' केलं. तापात कान गेल्यापासून या दोन वर्षांत मी 'हं हं' करण्यात चांगली तरबेज झाले आहे.

डॉक्टरांनी दिलेलं यंत्र डबीत आहे. कानात घातलं की कुकरसारख्या शिट्ट्या मारतं. तुझे मामा, म्हणजे आमचे मालक, ओरडून बोलतात, त्यानं गल्लीला सगळं कळतं, मला सोडून. मला ऐकू येतं ते एकट्या कडूबाईचं. माझी चुलत जाऊ, भिंतीला भिंत लागून घर, तुला माहीतच आहे. पस्तीस वर्षं समोरासमोर बसून आम्ही गहू निवडले, त्याची ही कमाई. संध्याकाळी ती येते, माझ्यासमोर बसते आणि गावात कोण काय म्हणालं ते सावकाश सांगते. तिचे ओठ मी पोथीसारखे वाचते.

तर आता तू मला लिहून कळव. काय ऐकत होतीस, आणि एवढं काय हसत होतीस? माझा फोन बटणांचा आहे, त्यावर काही पाठवू नकोस. कागदावर लिही. मला वेळ भरपूर आहे.

तुझी आत्या,
सत्यशीला


कोल्हार
२१ नोव्हेंबर २०२४

ती. आत्या,

पोस्टमननं माझ्या नावानं पत्र दिलं तेव्हा आईला वाटलं कॉलेजची नोटीस आली. उघडेपर्यंत ती समोरून हलली नाही.

दोन गोष्टी ऐकत होते. हसत होते ते 'दुपारचा चहा' बघून. पाच बायका आहेत, तीन-तीन मिनिटांची नाटुकली करतात. त्याला स्केच कॉमेडी म्हणतात. मागचा प्रसंग असा होता की एका घरात पाहुणे आले आहेत, साखर संपली आहे, आणि घरातली प्रत्येक बाई पाहुण्यांना कळू न देता दुसरीला ते सांगते आहे, नुसत्या भुवयांनी. तीन मिनिटांत एकही शब्द नाही. आत्या, हे तुला बघता येईल. पुढच्या खेपेला दाखवते.

मान हलवत होते ती 'साळिंदर'वर. हा चार पोरींचा बँड आहे. त्या अल्टरनेटिव्ह रॉक वाजवतात. म्हणजे काय, हे मला धड सांगता येणार नाही. जी गाणी वरातीत नाचायच्या कामाची नाहीत आणि सत्संगातही चालत नाहीत, ती. त्यांचं 'बुधवार' नावाचं गाणं मी रोज ऐकते. ते तुला लिहून दाखवायचा प्रयत्न करते.

आधी ड्रमवाली दोन काठ्या एकमेकींवर आपटते. टक, टक, टक. तीनदाच. मग एकदम सगळं येतं. बेस गिटार कानाच्या आधी पायांना कळते. उसाचं गळीत सुरू झाल्यावर साखर कारखान्याच्या गेटजवळ उभं राहिलं की जमीन थरथरते ना, तसं. आणि त्यावर ती गाणारी. ती गोड गात नाही. आई लांबच्या बांधावरून आपल्याला हाक मारते, तेव्हा तिचा आवाज जसा चिरतो आणि तरी पोहोचतो, तशी ती गाते.

मला लहानपणापासून सगळे सांगतात, रेश्मा, हळू बोल. रेश्मा, हळू हस. त्या चौघींना कुणी हळू म्हणत नाही. किंवा म्हणत असतील, पण त्यांच्या वाजवण्यात ते त्यांना ऐकू जात नसेल. मला त्या फार आवडतात, आत्या. इतक्या की कधी कधी गाणं ऐकून रडू येतं आणि दुःख तर काहीच झालेलं नसतं.

तुझी,
रेश्मा


पुणतांबा
३ डिसेंबर २०२४

चि. रेश्मा,

पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा कडूबाईला मोठ्यानं वाचून दाखवलं, तिला अक्षरओळख नाही. साळिंदर म्हणजे भुईमुगाचा काळ, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. कडूबाई म्हणाली, "पोरींनी नाव बेस ठेवलं. आंगावर कुनी हात टाकायचा न्हाई."

त्यांना लोकांचं ऐकू जात नाही आणि मला त्यांचं. आमचं जमेल.

मी काल तुझं गाणं करून पाहिलं. पीठगिरणीच्या ओट्यावर अनवाणी उभी राहिले आणि डोळे मिटले. खालून थरथर आली. तेवढ्यात गिरणीवाल्यानं हाताला धरून खाली बसवलं, त्याला वाटलं मला चक्कर आली.

आता व्यवहाराचं बोलते. तू मला एक गाणं लिहायचंस, मी तुला एक सोंग लिहीन. तुझ्या त्या पाच बायकांनी काही नवीन शोध लावलेला नाही. आमच्या आळीच्या बाया नागपंचमीला मारुतीच्या मागच्या पटांगणात हेच करत आल्या. भर दुपारी, फेर झाला की सोंगं. पुरुषांना तिकडं फिरकायची बंदी. आम्ही तलाठी काढला, डॉक्टर काढला, मुलगी बघायला आलेले पाहुणे काढले. मिश्या काजळाच्या, धोतरं ज्याची त्याची न विचारता आणलेली. आणि जे तिथं झालं ते तिथंच राहायचं. बाहेर पडलं की सगळ्या पुन्हा पदर सावरून सुना. पंचमीचं पंचमीत, असा आमचा नेम.

तुला लिहिते आहे, कारण तू आमच्यातलीच आहेस.

आत्या


कोल्हार
२२ डिसेंबर २०२४

ती. आत्या,

व्यवहार कबूल. हे घे दुसरं गाणं, 'कुलूप'. यात ड्रम नाहीत. एकच गिटार, आणि तीही जणू कुणी झोपलेलं आहे म्हणून जपून वाजवलेली. गाणारी अगदी हळू गाते. चार मिनिटं ती आवाज चढवत नाही आणि आपण श्वास धरून बसतो की आता ओरडेल, आता ओरडेल. ती ओरडतच नाही. गाणं संपतं. मग बराच वेळ आपणच आतल्या आत ओरडत राहतो.

फेब्रुवारीत कॉलेजचं गॅदरिंग आहे. मी आणि माझी मैत्रीण निकिता मिळून एक स्केच करावं म्हणतो. मी आजवर नुसती बघणारी होते. बघून बघून वाटायला लागलंय की आपणही उभं राहावं. पण काय करावं ते सुचत नाही. लवकर सोंग पाठव. सगळ्यात जास्त हशा ज्याला मिळाला, ते पाठव.

रेश्मा


पुणतांबा
६ जानेवारी २०२५

चि. रेश्मा,

सगळ्यात जास्त हशा ताटाच्या सोंगाला. मी नवरा व्हायची आणि कडूबाई बायको. अकरा वर्षं आम्ही ते केलं.

नवरा जेवायला बसतो. हातातली अंगठी ताटाच्या काठावर तीनदा वाजवतो. बायको धावत येते, वाढते, बाजूला उभी राहते. नवरा पहिला घास घेतो, तिच्याकडे बघतो आणि म्हणतो, "मिठाचा अंदाज न्हाई, अन् म्हनं संसार." आणि ताट भिरकावतो. जर्मनचं ताट, लांबवर घरंगळत जातं. बायको उचलायला वाकते, तोच समोर बसलेल्या साऱ्या बाया एका सुरात म्हणतात, "तू न्हाई. त्यो उचलंल." बायको सरळ उभी राहते. नवरा इकडं बघतो, तिकडं बघतो. कुणी हलत नाही. शेवटी त्यालाच वाकावं लागतं. मी वाकले की धोतर सुटायचं, ते सावरताना मिशी पुसली जायची आणि बाया हसून हसून आडव्या व्हायच्या.

सोंगाचा आणखी एक नेम सांगते. आपल्या नवऱ्याचं सोंग आपण घ्यायचं नाही, जिवाभावाच्या दुसरीनं घ्यायचं. आपण आपलं घ्यायला गेलं की हसू येत नाही.

कडूबाईचे मालक, आमचे गोरक्षनाथ भाऊजी, वारले त्या सालापासून आम्ही हे सोंग बंद केलं. त्याला नऊ वर्षं झाली. नव्या सुनांनी ते पाहिलेलंही नाही.

तिळगुळाची पुडी मामांच्या हाती पाठवते आहे.

आत्या


कोल्हार
१८ फेब्रुवारी २०२५

ती. आत्या,

आम्हाला पहिला नंबर मिळाला.

आम्ही तुझं ताटाचं सोंग केलं. सरप्राइज द्यायचं म्हणून आधी कळवलं नाही. मी नवरा, निकिता बायको. 'बुधवार' गाण्याची सुरुवातीची टक टक टक स्पीकरवर लावली आणि त्याच तालात मी ताटावर अंगठी वाजवली. माझ्या दोन्ही आवडी एका स्टेजवर आल्या. मीठ-संसाराचं वाक्य मी जसंच्या तसं म्हटलं आणि हॉल नुसता फुटला.

शेवट तेवढा बदलला. एवढ्या पोरांकडून एका सुरात 'त्यो उचलंल' कोण म्हणवून घेणार? प्रॅक्टिसला निकिता ताट उचलायला धावली आणि खरंच घसरून पडली. सगळे इतके हसले की आम्ही तेच ठेवलं. ती तीनदा पडते, दर वेळी नव्या पद्धतीनं. निकितानं व्हिडिओ टाकलाय, चाळीस हजार लोकांनी बघितला. अनोळखी लोक आम्हाला 'दुपारचा चहा'सारख्या आहात असं लिहितात. मला तर ते वाचून जेवण गेलं नाही.

हे सगळं तुझ्यामुळे झालं. लवकर लिही, तुला कसं वाटलं.

रेश्मा


कोल्हार
२० मार्च २०२५

ती. आत्या,

महिना झाला, तुझं पत्र नाही. मामांना फोन केला तर म्हणाले, तब्येत बरी आहे, आणि लगेच ठेवला. पोस्टात हरवलं असेल म्हणून पुन्हा लिहिते.

'साळिंदर' पुण्याला आल्या होत्या. मी आणि निकिता गेलो होतो, तिच्या मावशीकडे राहिलो. त्या खऱ्या दिसायला छोट्याशा आहेत गं. गाणारीनं तर शाळेच्या बाईंसारखा साधा कुर्ता घातला होता.

'बुधवार' चालू असताना आमच्यापुढे एक मुलगी धक्क्यानं खाली पडली. आजूबाजूची पोरं हसायला लागली, दोघांनी मोबाईल काढले. गाणारीनं वरून ते बघितलं आणि हात वर केला. चौघीही थांबल्या, मधेच. ती माईकवर एवढंच म्हणाली, "आधी तिला उठवा. आम्हाला घाई नाही." आणि खरंच थांबून राहिली. कुणीतरी तिला उठवलं, चप्पल शोधून दिली, पाणी दिलं. मग पुन्हा टक टक टक, आणि गाणं पहिल्यापासून.

मी त्या बाईच्या प्रेमात होतेच, आता कायमची पडले.

तू रागावली आहेस का? काय झालं ते सांग.

रेश्मा


पुणतांबा
२ एप्रिल २०२५

चि. रेश्मा,

पत्र हरवलं नाही. लिहिलं नव्हतं.

तुझा व्हिडिओ कडूबाईच्या सुनेच्या मोबाईलवर आला. पोरगी गुणाची आहे, तिच्या मनात काही नव्हतं. गंमत म्हणून तिनं सासूला दाखवला. तो दिवस पंचवीस फेब्रुवारी. त्या संध्याकाळी कडूबाई आली नाही. दुसऱ्या दिवशी मी तिच्या ओट्यावर गेले तर ती पाठ फिरवून बसली. मग सुनेनं मलाही व्हिडिओ दाखवला. मला आवाज आला नाही, पण तू अंगठी वाजवताना दिसलीस. निकिता पडताना दिसली. समोर पोरं हसताना दिसली.

तुला मी नेम सांगितला होता, की आपला नवरा आपण काढायचा नाही. मी नवरा व्हायची, कडूबाई बायको. मग तो नवरा कुणाचा होता, हे तुला कळायला हवं होतं.

गोरक्षनाथ भाऊजींनी पंचवीस वर्षं ताट फेकलं. पोरांसमोर कधी नाही. पोरं शाळेत गेली की, पोरं निजली की. अंगठी तीनदा वाजायची ती भिंतीतून मला ऐकू यायची, कान होते तेव्हा. मग ताट. मग कडूबाई ते उचलायची, जमीन पुसायची आणि दुसरं वाढायची. गावानं त्यांना देवमाणूस म्हटलं. तिची पोरं अजून म्हणतात. फोटोला रोज हार घालतात आणि ती घालू देते.

वर्षातून एक दिवस, पंचमीला, ते ताट तो उचलायचा. एवढंच त्या सोंगात होतं. साऱ्या आळीला माहीत होतं आणि सारी आळी मिळून म्हणायची, तू न्हाई, त्यो उचलंल. तो एक दिवस तिचा होता. तू तिलाच पुन्हा उचलायला लावलंस, वर पाडलंस, आणि चाळीस हजार लोक तिच्यावर हसले. आम्ही अकरा वर्षं त्याच्यावर हसलो होतो.

चूक माझीही आहे. नेम मी मोडला, पंचमीचं बाहेर मी लिहिलं. पण कानांचं तुला सांगते. ताप आला तेव्हा मला इतकं एकटं वाटलं नव्हतं. आता पाच आठवडे कडूबाईनं माझ्याकडे तोंड केलेलं नाही. तिनं पाठ केली की मला जगातलं काहीच ऐकू येत नाही.

आत्या


कोल्हार
९ एप्रिल २०२५

ती. आत्या,

तुझं पत्र मिळालं. व्हिडिओ काढून टाकलाय. ज्यांनी उतरवून घेतला, त्यांचं काही करता येत नाही. तेही तुला खरं सांगते.

मी तुझ्याकडे सगळ्यात जास्त हशा मागितला होता. हशा कुणावर, हे विचारलंच नाही. पुण्याची ती गाणारी, पडलेल्या मुलीसाठी थांबलेली, तिच्यावर मी जीव टाकते. आणि मी स्वतः स्टेजवर होते तेव्हा निकिताला तीनदा पाडलं, टाळ्या मोजल्या.

सोबत कडूआत्यांना चिठ्ठी आहे. त्यांना वाचता येत नाही, म्हणून ती तूच वाचून दाखव. त्या पाठ करून बसल्या तरी वाच. त्यांना रागवायचं असेल तर रागवू देत. पण तुला ऐकू जायचं असेल, तर त्यांना तोंड वळवूनच रागवावं लागेल.

रेश्मा

*

ती. कडूआत्या,

मी भागवतची रेश्मा. तुमचं सोंग मी न विचारता घेतलं आणि उलटं केलं. त्यात ताट उचलायची पाळी त्याची होती. मी ती तुमच्यावर टाकली. लोक हसले, आणि मला वाटलं मी चांगलं काम केलं.

मला माफ करा असं लिहवत नाही, कारण तुम्ही माफ केलं तर मला सोपं जाईल. एवढंच म्हणते, सत्यशीलाआत्याचा यात दोष नाही. तिनं विश्वासानं लिहिलं होतं. माझ्यावर आयुष्यभर रुसा. तिच्याकडे तोंड करा.

रेश्मा


पुणतांबा
२३ एप्रिल २०२५

चि. रेश्मा,

रविवारी वाचली.

कडूबाई तिच्या ओट्यावर शेंगा फोडत बसली होती, तोंड भिंतीकडं. मी तिच्या मागं बसले आणि चिठ्ठी वाचायला लागले. आता माझी अडचण अशी की माझा आवाज किती मोठा निघतो, ते मला कळत नाही. हळू वाचतेय अशाच समजुतीत मी होते. अर्धी झाली आणि कडूबाई गर्रकन वळली. तिचे ओठ हलले आणि मी वाचले, "हळू वाच, भवाने, येशीपत्तुर गेलं."

चौपन्न दिवसांनी मी ऐकलेलं पहिलं वाक्य हे. मला इतकं बरं वाटलं की मी तिथंच रडायला लागले. तीही रडली, पण तिचं मला दिसलं तेवढंच.

मग तिनं उरलेली चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेतली, या वेळी अगदी समोरासमोर बसून. मग निकाल दिला. तिच्याच शब्दांत लिहिते. "जिनं पंचमी भाईर नेली, ती एक साल पंचमीच्या भाईर. औंदा तिनं यायचं न्हाई." हा दंड तुला आहे आणि मलाही होता, पण मी नसले तर नवरा कोण काढणार, म्हणून माझा माफ केला.

पंचमीला सोंग पुन्हा करायचं म्हणते आहे. नऊ वर्षांनी.

आणि तिनं एक मागितलं आहे. तुझं पुण्याचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. त्या मुलीला उठवेपर्यंत गाणं थांबवलं, ते तिनं दोनदा वाचायला लावलं. म्हणाली, "त्या बाईचं गानं मला आयकायचंय."

आत्या


कोल्हार
१५ जुलै २०२५

ती. आत्या,

बाबांच्या हाती स्पीकर पाठवते आहे. वरचं गोल बटण दाबलं की 'बुधवार' आपोआप सुरू होईल, मी तेवढंच गाणं त्यात ठेवलंय. स्पीकर लाकडी पाटावर ठेव आणि त्याच पाटावर तू अनवाणी उभी राहा. बेस तुला कळेल. इथं मी आमच्या पाटावर करून बघितलं, कानात कापूस घालून. कळतो.

कडूआत्यांना आधी सांगून ठेव, की गाण्याच्या सुरुवातीला तीन टकटकी आहेत. त्यांना ते नको असेल तर लावू नका. ते मला आधी सुचायला हवं होतं.

पंचमीला मी घरीच असेन. शिक्षा मान्य आहे.

रेश्मा


पुणतांबा
१ ऑगस्ट २०२५

चि. रेश्मा,

हे पत्र कडूबाईचं आहे. ती समोर बसून बोलते आहे आणि मी तिचे ओठ बघून लिहिते आहे. पंचमीचं पंचमीत हा नेम तिनं आजच्यापुरता स्वतः बाजूला ठेवला आहे. मी मध्ये माझं काही घालणार नाही.

"रेश्मा, कडूबाईचा आशीर्वाद घे. सत्यशीला मान खाली घालून लिहिती अन् मधी मधी माज्या तोंडाकडं बघती, म्हनून मी दमादमानं बोलती.

पंचमीला दुपारी समद्या जमल्या. नव्या सुना बी हुत्या, माजी सून बी हुती. सत्यशीलानं धोतर नेसायला घेतलं, तवा म्या तिच्या हातातलं काढून घेतलं. म्हनलं, औंदा मी नवरा हुनार, तू कडू हो. ती म्हनली, आगं नेम हाय आपला, आपल्या नवऱ्याचं सोंग आपन घ्यायचं न्हाई. म्या म्हनलं, नेम आपुनच केला हुता. तिनं काजळाची डबी उघडली अन् मला मिशी काढली.

मग ते तुजं गानं लावलं. मला सांगून ठिवलं हुतं तरी त्या तीन टकटकीला मी वाढाया उठाया लागली. पंचवीस साल त्याच्या मागं ताट यायचं. औंदा ढोल आला, अन् ती बाई वरडली. लई चांगली वरडती गं ती. मला तिचे शबूद न्हाई कळले. सत्यशीला पाटावर उभी हुती अनवानी अन् मान हालवीत हुती, तुज्यावानी.

मी जेवाया बसली. अंगठी वाजिवली. मिठाचं बोलली अन् ताट फेकलं. सत्यशीला कडू झालेली, ती उचलाया वाकली. समद्या म्हनल्या, तू न्हाई, त्यो उचलंल. आमच्या वक्ताच्या बाया मोठ्यानं म्हनल्या, सुना बघून बघून म्हनल्या. मग मी उठली अन् वाकली. समद्या हसाया तयार हुत्या. पन धोतर काई सुटलं न्हाई. मी ताट उचललं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, सांडलेल्यातला एक घास त्यात घेतला अन् सत्यशीलाम्होरं बसून खाल्ला. मग तिच्याकडं बघून म्या म्हनलं, कडू, मीठ बरूबर हाय.

त्यानं हे कवाच म्हनलं न्हवतं.

कुनीच हसलं न्हाई. मग माजी सून उठली, माज्याजवळ आली, तिच्या पदरानं तिनं माजी मिशी पुसली. तिला समदं कळलं. पोरांनी त्याच्या फोटूला घातल्याला हार मी तसाच ठिवलाय. त्यो त्यांचा बाप हुता.

पुढच्या साली तू ये. तुला बायको व्हायला लावनार हाय."

रेश्मा, आता माझं दोन ओळी. मी तिच्यासमोर बसले होते, कडू होऊन. ते वाक्य तिनं मला म्हटलं आणि मी ते तिच्या ओठांवरून वाचलं. जे ऐकायला ती पंचवीस वर्षं थांबली होती, ते तिच्या वतीनं ऐकलं मी, जिला काहीच ऐकू येत नाही. त्यानंतर मी 'हं हं' केलं नाही. मी म्हटलं, ऐकलं.

आता कडूबाईला विचारलं, आणखी काय लिहू? ती शेंगा फोडायची थांबली. म्हणाली, "लिव. मीठ बरूबरच हुतं गं. रोज बरूबर हुतं."

आत्या